नोंदीलाही दामदुपट हवी

गणपतीसाठी गावचं घर उघडलं, तेव्हा पुढच्या दाराच्या फळीवर सुकलेल्या खळीचा एक चौकोन दिसला. मधे कागदाचे दोन कपटे चिकटून राहिले होते आणि त्यातल्या एकावर न्यायालयाच्या शिक्क्याची अर्धी कड होती. बाकीचा कागद पावसानं नेला होता. ही २०१३ सालची गोष्ट. मालवण तालुक्यातलं आमचं घर तेव्हा वर्षातले साडेअकरा महिने बंद असायचं. मी डोंबिवलीला नोकरीत होतो, आई माझ्याजवळ होती. त्या दाराला दोन वर्षांपूर्वी माझ्या नावाचं समन्स चिकटवलं होतं, मी हजर झालो नाही म्हणून दावा एकतर्फी चालला होता आणि ऑगस्ट २०१२ मध्ये माझ्याविरुद्ध हुकूमनामाही, म्हणजे पैसे भरण्याचा न्यायालयाचा आदेशही, झाला होता. हे सगळं मला त्या गणपतीत कळलं, तेही शेजाऱ्याकडून.

कर्ज चुलतभावाचं होतं. होडीचं इंजिन आणि जाळी यांसाठी त्यानं २००८ मध्ये बँकेकडून चार लाख रुपये घेतले होते. मी आणि त्याचा एक शाळासोबती असे दोघे जामीनदार होतो. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं. कोकण किनाऱ्यावर त्या दोन दिवसांत किती होड्या गेल्या आणि किती माणसं परतली नाहीत, हे इथल्या प्रत्येक बंदराला माहीत आहे. भाऊ वाचला, होडी फुटली. हप्ते थांबले. बँकेनं २०११ मध्ये दावा लावला, तो कर्जदारावर आणि आम्हा दोन्ही जामीनदारांवर. त्यात बँकेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ स्पष्ट आहे: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सही करताना मी ते वाचलं नव्हतं, पण सही माझीच होती.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्याला तीस दिवसांची मुदत आहे. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण दाराला चिकटवलेलं समन्स कोर्टानं योग्य बजावणी म्हणून धरलं की ती वाट बरीच अवघड होते. वकिलांनी हे सांगितल्यावर मी लढायचा विचार सोडला. पैसे खरोखर देणं होते. भविष्य निर्वाह निधीतून काही काढले, बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि २०१५ च्या मेपर्यंत व्याजासह पाच लाख अडतीस हजार भरले. शाखेनं 'येणे बाकी नाही' असा दाखला दिला. बँकेचे वकील म्हणाले, आता काळजी करू नका. मी केली नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौते वादळानं त्याच घराचं छप्पर उडवलं आणि मागची चिऱ्याची भिंत खचली. वाटणी होऊन घराची जागा माझ्या एकट्याच्या नावावर आली होती, बिनशेती झाली होती, कागद पूर्ण होते. आईला शेवटची वर्षं गावात काढायची आहेत, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये अठरा लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज केला. पगार, वय, स्कोअर सगळं बसत होतं. तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर झाला. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी शोध अहवालात दोन ओळी लिहिल्या होत्या: अर्जदाराविरुद्ध २०१२ चा पैशाचा हुकूमनामा आहे, त्याची फेड झाल्याची नोंद न्यायालयाच्या दप्तरात नाही.

मी दाखला पुढे केला. अधिकारी मुलगी हुशार होती आणि मनानं चांगली होती. ती म्हणाली, "काका, दाखला खरा असेल, पण कोर्टाच्या रेकॉर्डला हुकूमनामा जिवंत दिसतोय. अजून सहा महिने थांबाल का? बारा वर्षं झाली की त्याची मुदत संपेल, मग वकील अहवाल बदलून देतील."

या वाक्यानं मला हा लेख लिहायला लावलं. तिचा सल्ला कायद्याला धरून होता. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांच्या आत मागावी लागते. म्हणजे ज्यानं एक पैसाही भरला नाही आणि बारा वर्षं तोंड चुकवलं, तो ऑगस्ट २०२४ मध्ये या बँकेच्या दारात निर्धोक म्हणून उभा राहिला असता. आणि ज्यानं पाटल्या मोडून तिसऱ्याच वर्षी पैसे फेडले, त्यालाही तोच दिवस येईपर्यंत थांबायला सांगितलं जात होतं. फेडणारा आणि बुडवणारा यांच्यात जी व्यवस्था फरक करू शकत नाही, तिला सावध कसं म्हणायचं? ती आंधळी आहे, आणि तिच्या आंधळेपणाचा भार फेडणाऱ्यावर पडतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "पैशे भरलंस मा? मगे आता कित्याक अडवतत?" तिला उत्तर द्यायचं म्हणून मी दिवाणी प्रक्रिया संहिता वाचायला घेतली.

उत्तर ऑर्डर २१, नियम २ मध्ये आहे. कोर्टाबाहेर हुकूमनाम्याचे पैसे दिले तर ते मिळाल्याचं हुकूमनामेदारानं, म्हणजे इथे बँकेनं, कोर्टाला कळवायचं असतं. 'कळवावं' हा तिथे आदेश आहे, इच्छेचा प्रश्न नाही. त्यानं नाही कळवलं तर देणेकऱ्यानं अर्ज करायचा, पण त्याला मुदत तीस दिवसांची. आणि जे पैसे अशा रीतीनं नोंदले गेले नाहीत, ते अंमलबजावणी करणारं कोर्ट विचारातच घेत नाही. या नियमामागचं कारण मला समजतं. नाहीतर प्रत्येक दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात, देणेकरी खोटी पावती काढून बसला असता. पण परिणाम पाहा. पैसे घेणाऱ्यानं आपलं कर्तव्य केलं नाही तर त्याचं काहीच बिघडत नाही. पैसे देणारा मात्र तीस दिवस उलटले की कायमचा घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. ज्याला तो नियम माहीत असायला हवा, तो बहुधा मच्छीमार असतो, बागायतदार असतो, गिरणीतून किंवा कंपनीतून निवृत्त झालेला चाकरमानी असतो. त्याच्या दृष्टीनं पावती मिळाली की विषय संपला.

आपल्या समाजाला कर्जाची हद्द नवीन नाही. दामदुपटीचा नियम आपल्याकडे शतकानुशतकं होता: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत तो मानला. त्यामागची समज अशी की कर्ज हा व्यवहार आहे आणि व्यवहार कुठेतरी थांबला पाहिजे. माणसाच्या पिढ्या त्याखाली जाऊ नयेत. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्यानं सावकाराच्या घरातल्या कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून त्यांनी जाळले. भूक होतीच, पण ज्याची धास्ती घेतली होती तो कागद होता. त्या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि कागदावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचं काम न्यायालयांकडे आलं. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर हे त्याचे मूळ जिल्हे. कोकण त्यात नव्हतं.

आज कागद जाळायची सोय नाही आणि असू नये. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव घातलं की खटला समोर येतो, ही पारदर्शकता मला हवी आहे. पण जुन्या दप्तराला एक मर्यादा होती: ते शोधायला कोणीतरी मालवणला येऊन कारकुनाकडे फेऱ्या माराव्या लागत. आता शोध क्षणाचा झाला आणि नोंदीची दुरुस्ती मात्र जुन्याच वेगानं चालते. एक गोष्ट पळते आणि दुसरी बसून राहते, त्या दरीत माणूस पडतो. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. एकाच वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन-तीन परब किंवा सावंत असतात. नुसत्या नावावरून केलेल्या शोधात एकाचा हुकूमनामा दुसऱ्याच्या फाइलला लागायला किती वेळ लागेल?

बँकेची बाजू मी टाळणार नाही. बँक देते तो पैसा ठेवीदाराचा. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले, तेव्हा रायगडमधल्या लोकांनी आयुष्यभराची पुंजी डोळ्यांसमोर अडकताना पाहिली. कोकणात पतसंस्था बुडाल्याच्या कहाण्या घरोघरी आहेत. कर्ज देण्याआधी माणसाचा मागचा व्यवहार पाहायलाच हवा. जी बँक तो पाहत नाही, तिच्यात मी माझी ठेव ठेवणार नाही. माझी मागणी बँकेनं नीट पाहावं, अर्ध्यावर थांबू नये, एवढीच आहे. हुकूमनामा होता, हे दिसतं. तो कर्जदारावर होता की जामीनदारावर, लढून झाला की बंद दाराला कागद चिकटवून, रक्कम फिटली का आणि कधी, त्यानंतरच्या नऊ वर्षांत माणसानं एकही हप्ता चुकवला का, हे सगळं त्याच टेबलावर ठेवलेल्या कागदांत होतं. जोखीम मोजायची तर हेच मोजावं लागेल. 'हुकूमनामा: होय' या एका खुणेवर नकार देणं म्हणजे जोखीम मोजायचे कष्ट वाचवणं.

आणि या खुणेला शेवट नाही. सिबिलसारख्या, कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते. किमान. माझ्या पतमाहिती अहवालात त्या कर्जाच्या खात्यापुढे 'दावा दाखल' हा शेरा २०२४ मध्येही होता. तो कोणत्या तारखेला जाईल, हे मला कोणीही सांगू शकलं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पैशाच्या निकालाची नोंद सहा वर्षं राहते. महिन्याच्या आत रक्कम भरली तर ती काढूनच टाकतात; नंतर भरली तर 'फेड झाली' असा शेरा पडतो आणि सहा वर्षांनी नोंद जाते. तिथेही अशा नोंदीमुळे गृहकर्ज नाकारलं जातं, लोकांना त्रास होतो. पण तिथल्या माणसाला निदान तारीख ठाऊक असते. भिंतीवर कॅलेंडर टांगून तो दिवस मोजू शकतो.

आपल्याकडे हे करता येणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण रिझर्व्ह बँकेनं याच्याशी मिळत्याजुळत्या बाबतीत ते केलं आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत करायचे. बँकेमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये. हा नियम सप्टेंबर २०२३ चा. क्रेडिट रिपोर्टमधली चूक तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त करायची. नाही झाली तर दिवसाला १०० रुपये. हा ऑक्टोबर २०२३ चा. म्हणजे फिटलेल्या कर्जाचा कागद अडवणं चूक आहे आणि त्याची किंमत बँकेनं मोजायची, हे तत्त्व मान्य झालं आहे. मग फिटलेल्या हुकूमनाम्याची नोंद कोर्टाला न कळवणं त्याच माळेत का बसू नये? पैसे मिळाल्यापासून तीस दिवसांत बँकेनं कोर्टात पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, द्यावी, सातबारावर जप्तीची किंवा बोज्याची नोंद केली असेल तर ती कमी करण्यासाठी तलाठ्याला पत्र द्यावं, पतमाहिती कंपनीला कळवावं. उशीर झाला तर दिवसाला भरपाई. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. दावा लावणारा विधी विभाग तोच आहे. त्यानं सुरुवात केली, शेवटही त्यानंच करायचा.

तडजोडीच्या बाबतीत तर अन्याय आणखी ठळक आहे. दर काही महिन्यांनी राष्ट्रीय लोकअदालत भरते. तालुक्याच्या ठिकाणी फलक लागतात, बँका थकबाकीदारांना पत्रं पाठवतात: या, मिटवा, व्याजात सूट घ्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. लोक विश्वासानं जातात. न्यायाधीशांसमोर सही करतात, पैसे भरतात, एकमेकांना नमस्कार करून घरी येतात. मग चार वर्षांनी मुलाच्या नावावर घर घ्यायला गेल्यावर कळतं की पतमाहिती अहवालात 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीनं मिटवलं, असा शेरा आहे आणि बँकेच्या लेखी तो डाग आहे. सरकारनं बोलावलं, न्यायाधीशांनी मिटवलं, आणि त्याच मिटवण्याची शिक्षा बाजार देतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीत तडजोड केलेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज वगळता, पुन्हा कर्ज देण्याआधी किमान बारा महिन्यांचा काळ जाऊ द्यावा असं आहे. बँकांची संचालक मंडळं तो वाढवू शकतात, हे खरं. पण निदान तिथे महिन्यांत मोजायची भाषा आहे. मोठ्या कंपन्यांशी होणाऱ्या तडजोडींना जी भाषा लागते, ती मालवणच्या मच्छीमाराला आणि त्याच्या जामीनदाराला का लागू नये?

जामीनदारांबद्दल थोडं थांबून बोलावंसं वाटतं, कारण कोकणात जामीन राहणं ही नात्यातली गोष्ट आहे. भावानं होडी घेतली तर भाऊ सही करतो. करणार नाही म्हणाला तर पुढची वीस वर्षं घरच्या कार्याला कोणी बोलावणार नाही. बँकेला हे पक्कं ठाऊक असतं आणि तिचं बरंच कर्ज याच ओढीवर उभं असतं. त्या ओढीचा फायदा कर्ज देताना घ्यायचा आणि वसुलीनंतर जामीनदाराला बुडव्यांच्या रांगेत ठेवायचं, हे योग्य नाही. ज्यानं दुसऱ्याचं कर्ज स्वतःच्या खिशातून फेडलं, त्याच्याहून विश्वासू कर्जदार बँकेला कुठे मिळणार? माझ्या मते जामीनदारानं भरलेल्या हुकूमनाम्याचा शेरा अहवालात वेगळ्या शब्दांत असावा, आणि फेड झाल्यापासून दोन वर्षांनी तो निघावा. कर्जदारासाठी पाच वर्षं ठेवा. ऐपत असून ज्यानं जाणूनबुजून बुडवलं आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याची नोंद हवी तितकी ठेवा.

एक गोष्ट मला उशिरा कळली. कर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवायचं, हे रिझर्व्ह बँकेनं कितीतरी वर्षांपूर्वीच बँकांना सांगितलं आहे. मला पहिल्यांदा तोंडी सांगितलं गेलं. लेखी मागितल्यावर एका ओळीचं पत्र आलं, पण त्या एका ओळीमुळे नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजलं. ज्यांना नुसतं 'सिबिलमध्ये बसत नाही' असं सांगून परत पाठवतात, त्यांनी हे पत्र मागितल्याशिवाय खुर्ची सोडू नये. पतमाहिती कंपन्यांविरुद्धची तक्रारही २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते.

माझ्या बाबतीत पैसे घेणारी शाखा तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. जुनी फाइल कोल्हापूरच्या गोदामात होती. सात महिने, अकरा फेऱ्या. मधल्या काळात बारा वर्षांची मुदत उलटूनही गेली, पण मला तसं सुटायचं नव्हतं. देणेकऱ्याच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत असली तरी हुकूमनामेदार स्वतःहून केव्हाही फेड झाल्याचं कळवू शकतो, हे मी छापून नेऊन दाखवलं, तेव्हा कुठे विधी विभागातल्या एका सद्गृहस्थानं पुरसिसवर सही केली. मालवणच्या कोर्टात ती दाखल झाली. न्यायाधीशांनी दाखला पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि हुकूमनामा पूर्णपणे फिटल्याचं नोंदवलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. नऊ वर्षांपूर्वीही दहाच मिनिटं लागली असती.

नकलेचा अर्ज करताना मी दोन प्रती मागितल्या. एक नव्या कर्ज अर्जाला लावली आहे. दुसरी त्या दुसऱ्या जामीनदाराला, भावाच्या शाळासोबत्याला, पाठवली. तो आता गोव्यात असतो. त्याच्या नावावर असा हुकूमनामा होता हे त्याला माझा फोन जाईपर्यंत माहीत नव्हतं. त्याचंही गावचं दार बंदच होतं. मुलीच्या शिक्षणकर्जाला तो पुढच्या महिन्यात सहकर्जदार म्हणून सही करणार आहे.